पार्श्वभूमी : कांजिण्यांची लस सरकारी तक्त्यात का नाही?

थंडी सरून उन्हं तापू लागली की पुण्यातल्या शाळांच्या पालकगटांवर एक ठरलेला निरोप येतो. वर्गात एकाला कांजिण्या आल्यात, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला पाठवू नका. त्याच्यामागोमाग ठरलेला वादही येतो. कुणी म्हणतं, आम्ही दोन्ही डोस दिलेत. कुणाची आजी म्हणते, लहानपणीच एकदा होऊन गेलेलं बरं. आणि कुणीतरी विचारतं, ही लस एवढी गरजेची असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात का मिळत नाही? प्रश्न रास्त आहे. सरकारी तक्त्यात गोवर-रुबेला आहे, रोटाव्हायरस आहे, न्यूमोकॉकलही आली. कांजिण्या मात्र खासगी बालरोगतज्ज्ञांकडेच राहिल्या, एका डोसला साधारण दोन हजार रुपये मोजणाऱ्यांसाठी.

फार जुना इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण पूर्वी कांजिण्यांकडे स्वतंत्र आजार म्हणून कुणी फारसं पाहिलंच नाही. व्हॅरिसेला हे वैद्यकीय नावसुद्धा व्हॅरिओलाचं, म्हणजे देवीचं, लघुरूप. हा देवीचा सौम्य अवतार नसून वेगळाच आजार आहे हे लंडनमधल्या एका डॉक्टरने १७६७ साली नीट मांडलं.

आपल्याकडे गुंता शब्दातच होता. देवी, गोवर आणि कांजिण्या असे तीन शब्द मराठीत आहेत खरे, पण अंगावर फोड उठले की घरात म्हणायचे ते 'देवी आल्या'. उंबऱ्यावर कडुनिंबाचा डहाळा, आंघोळीच्या पाण्यात त्याचाच पाला आणि स्वयंपाकघरात फोडणी बंद, हे सगळं तिन्हींना सारखंच. देवी हे रोगाचं नाव, तो देणाऱ्या शक्तीचं नाव आणि वर लसीचंही नाव. दंडावर टोचून घेण्याला 'देवी काढणं' म्हणायचे, आणि साठीच्या पुढच्या पुणेकराच्या दंडावर तो वण अजून सापडतो. गुरुवार पेठेतल्या शितळादेवी चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव कुठून आलं ते ठाऊक असेल, कोण जाणे.

या गुंत्याची खरी किंमत कळली ती १९७०च्या दशकात. देवी निर्मूलनाची मोहीम १९७३पासून घरोघर शोध घेऊ लागली तेव्हा कार्यकर्त्यांची मोठी अडचण कांजिण्याच होत्या. तोंडी विचारून भागत नसे. म्हणून फोड आलेल्या मुलाचं चित्र असलेलं कार्ड दाखवून 'असं कुणी पाहिलंय का' असं विचारायचे. देवीचे फोड तोंडावर आणि हातापायांवर दाट, तळहात-तळपायांवरसुद्धा, आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेत. कांजिण्या छातीपोटावर जास्त, आणि एकाच वेळी कुठे लाल पुळी, कुठे पाण्याने भरलेला फोड, कुठे खपली. खबर देणाऱ्याला बक्षीस होतं, ते वाढत वाढत १००० रुपयांवर गेलं. त्या काळात ही रक्कम थोडी नव्हती, त्यामुळे खबरा पुष्कळ आल्या आणि शहानिशा केल्यावर त्यातल्या कितीतरी कांजिण्याच निघाल्या. 'कांजिण्यांनी मृत्यू' असं कानावर आलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो देवीचाच धरायचा, असा दंडक होता. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५मध्ये बिहारमध्ये सापडला. कांजिण्या इतक्या बारकाईने तपासल्या गेल्या त्या त्याच काळात, तेही फक्त त्या देवी नाहीत याची खात्री करण्यापुरत्या. 'देवी नाही ना? मग काही नाही' हा सुटकेचा निःश्वास तेव्हाचा. तो आपल्या अंगवळणी पडला तो पडलाच.

त्याच सुमारास, १९७४मध्ये, जपानमध्ये कांजिण्यांची लस तयार झाली. तिच्यासाठी विषाणू घेतला होता तो एका आजारी लहान मुलाच्या फोडांतून, आणि त्या मुलाच्या आडनावावरून पडलेलं वाणाचं नाव आजही जगभर चालतं. अमेरिकेने १९९५मध्ये ती सगळ्या मुलांसाठी घेतली. त्याआधी तिथे वर्षाला सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या व्हायच्या आणि शंभर ते दीडशे माणसं दगावायची. पंचवीस वर्षांत रुग्ण ९७ टक्क्यांहून अधिक घटले.

ब्रिटनने मात्र नकार दिला आणि 'होऊ द्या एकदा' म्हणणाऱ्यांना आधार मिळाला तो तिथूनच. त्या नकाराचं मूळ नागिणीत आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दबा धरून बसतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की कमरेवर, छातीवर एका बाजूला पट्ट्यासारखा उठतो. तीच नागीण. (तिची दोन टोकं जुळली की माणूस जातो, ही समजूत निव्वळ भीती आहे. ती एकाच बाजूच्या मज्जातंतूवरून जाते, टोकं जुळायचा सहसा प्रश्नच येत नाही.) इंग्लंडमधल्या एका लहान गावातल्या डॉक्टरने १९६५मध्ये मांडलं, की आसपासच्या मुलांना कांजिण्या होत राहिल्या की मोठ्यांच्या प्रतिकारशक्तीला अधूनमधून उजाळा मिळतो आणि नागीण दूर राहते. मग मुलांना लस दिली तर म्हाताऱ्यांना नागीण वाढेल, असा हिशेब पुढे मांडला गेला. म्हणजे आजोबांना नागीण होऊ नये म्हणून नातवाने फोड सोसायचे. अमेरिकेत नागीण वाढली हे खरं, पण ती लस येण्याआधीपासूनच वाढत होती. भाकीत केलेली लाट आली नाही. अखेर २०२३मध्ये ब्रिटनच्या सल्लागार समितीने मत बदललं आणि २०२६पासून लस सरकारी वेळापत्रकात आणायचं जाहीर झालं.

आपल्याकडे अडसर नागिणीचा नाही. पैसा आणि प्राधान्यक्रम हे तर आहेतच, शिवाय एक आकडा आहे : ८० टक्के. एवढ्या मुलांपर्यंत सातत्याने पोहोचता येत असेल तरच लस सार्वत्रिक करावी, असं जागतिक मार्गदर्शन सांगतं. अर्धवट लसीकरणात विषाणूचा फैलाव मंदावतो, पण थांबत नाही. ज्यांना लस मिळाली नाही ते लहानपणी वाचतात आणि मोठेपणी सापडतात. विशीत किंवा गरोदरपणी कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियाची भीती जास्त. उष्ण प्रदेशांत हा आजार तसाही उशिरा गाठतो. वसतिगृहातला कांजिण्यांनी फणफणलेला विद्यार्थी पुण्यातल्या डॉक्टरांना नवा नाही.

गंमत अशी, की अर्धवट लसीकरणाचा हा धोका सांगून जी लस तक्त्याबाहेर ठेवली, ती खासगीत अर्धवट दिली जातेच आहे. सोसायटीतल्या मुलाला दोन डोस, त्याच सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाला एकही नाही. आणि हे डोसांच्या हिशेबात जगातला सर्वात मोठा लस कारखाना ज्या शहरात आहे, त्या शहरात.

२०२२मध्ये मंकीपॉक्सची धास्ती पसरली तेव्हा संशयितांचे नमुने तपासणीसाठी पुण्यातल्याच विषाणू प्रयोगशाळेत आले. त्यातल्या काहींत कांजिण्या निघाल्या. याच तपासणीतून कांजिण्यांच्या विषाणूचा 'क्लेड ९' हा प्रकार भारतात असल्याची पहिली नोंद झाली. शोध अर्थात मंकीपॉक्सचा चालला होता.