भर बटाट्याला लावतात, रताळ्याला नाही

दोन्ही जमिनीखाली येतात म्हणून बटाटा आणि रताळं कुंडीत एकाच पद्धतीने लावायचं, हे इतक्या वेळा वाचलंय की शेवटी लिहायला बसलो. बटाटा बहुतेकांनी लावून बघितलेला असतो म्हणून ते पटकन उरकतो. कोंब आलेलं बेणं, म्हणजे लावायचा बटाटा, फोडीला निदान दोन डोळे, कापलेली बाजू एक-दोन दिवस सुकवायची, 30-40 लिटरची ग्रो बॅग, खाली भोकं, भुसभुशीत माती, साधारण तीन महिने. झालं.

आता खरा घोळ. बटाटा हे मूळ नाहीच, ते फुगलेलं खोड आहे. झाडाला कळ्या धरायला लागल्या की बुंध्याजवळची माती बोटांनी हळूच बाजूला करून बघा, बेण्याच्या वर जे खोड मातीत गाडलं गेलंय त्यातून पांढरे जाडसर दोरे आडवे निघालेले दिसतील, टोकाला आकड्यासारखे वाकलेले, आणि तो आकडाच फुगून वाटाण्याएवढा झालेला असतो. तोच बटाटा. म्हणून झाड 15-20 सेंटिमीटर झालं की निम्मं खोड झाकेल एवढी भर लावायची, म्हणजे बुंध्याभोवती माती चढवायची, पुन्हा वाढलं की पुन्हा. त्याने या दोऱ्यांना जागा मिळते आणि बटाट्यावर ऊन पडत नाही. ऊन लागलेला बटाटा हिरवा पडतो, त्यात सोलानिन नावाचं विष वाढतं, ते शिजवूनही जात नाही, तो सरळ टाकून द्या.

रताळं मात्र खरंखुरं मूळ. त्याला बटाट्यासारखे डोळे नसतात, त्यामुळे कृपा करून फोडी करून लावू नका. वेलीचा 25-30 सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि तीन-चार पेरं, म्हणजे पान फुटतं त्या गाठी, मातीत जातील असा लावा. या पेरांना पहिल्या काही आठवड्यांत जी मुळं फुटतात तीच पुढे पोसतात, म्हणजे जे काय करायचं ते लावतानाच. मी पहिल्यांदा बटाट्याच्या सवयीने वरून माती ओतत राहिलो, काढायला गेलो तर तळाशी तीन चांगली रताळी आणि वरच्या सगळ्या मातीत नुसत्या सुतळीसारख्या मुळ्या. फार वाईट वाटलं, चार महिने पाणी घातलं होतं.

हवामान तर अगदी उलटं. बटाट्याला रात्री गार लागतात, पारा 30 च्या वर राहिला की झाड हिरवंगार दिसतं पण खाली काही धरत नाही. रताळ्याला तीच गरमी मानवते. उन्हाळ्यात कुंडी रिकामी असेल तर माझं मत ठाम आहे, रताळंच लावा.

खत दोघांनाही जपून, नत्र जास्त झालं की नुसता पाला. आणि पाल्यावरून आठवलं, रताळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते हे खरंय, पण ते वाचून कोणी बटाट्याचा पाला शिजवायला घेऊ नका, तो विषारी असतो.