हेमचंद्राच्या मात्रा आणि आयव्हर्सनची चिन्हे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरातला पोरगा कॉम्प्युटरच्या क्लासात रिकर्शन (फंक्शनने, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याने, स्वतःलाच बोलावणे) शिकतो, तो बहुधा फिबोनाचीच्या आकड्यांवर. यात प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. त्या आकड्यांचा एक जुना पत्ता पाटणचा. हे गाव पुढे गायकवाडी मुलखात, म्हणजे आपल्या बडोदे संस्थानात आले.

बाराव्या शतकात पाटणच्या जैन पंडित हेमचंद्रापुढे प्रश्न होता छंदाचा. लघूची मात्रा 1, गुरूच्या 2. मग चार मात्रांचे चरण किती प्रकारे बांधता येते? शेवटी लघु असेल तर आधी तीन मात्रा उरतात, गुरू असेल तर दोन. तिनाची रूपे 3, दोनाची 2, म्हणून चाराची 5. विरहांक या छंदशास्त्र्याने हे त्याच्याही आधी सांगितले होते.

हीच व्याख्या यंत्राला जशीच्या तशी दिली की पंचाईत होते. 0 आणि 1 पासून सुरू करून तिसावे पद मागितले, तर फंक्शन 26,92,537 वेळा बोलावले जाते. तीच पदे पुन्हा पुन्हा काढली जातात; वेगवेगळे प्रश्न मात्र 31च! एकदा काढलेले उत्तर टिपून ठेवायच्या युक्तीला डोनाल्ड मिचींनी 1968 मध्ये ‘मेमो’ हे नाव दिले.

ॲरे, म्हणजे आकड्यांची रांग, हाच पाया असलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषांचे घराणे निराळे. केनेथ आयव्हर्सन यांचे त्यातल्या एपीएल या भाषेचे पुस्तक 1962 चे. 1966 च्या सुमारास ती आयबीएमच्या 360 या संगणकावर चालू लागली. सगळी रांग एकदम हाताळायची, लूप शक्यतो टाळायचा. तिथेही फंक्शन स्वतःला नावाने हाक मारू शकत असे. 1990 मध्ये आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी ‘जे’ ही भाषा आणली. तिच्यात डॉलर आणि त्यापुढे दोन टिंबे लिहिली की नाव न घेता स्वतःलाच बोलावता येते (आपल्याकडे ‘अहो’ म्हणतात तसे). डायलॉग एपीएल या एपीएलच्याच एका रूपात जॉन स्कोल्स यांनी 1996 मध्ये त्यासाठी उलटा त्रिकोण दिला. जे मध्ये ‘एम’ आणि टिंब जोडले की मेमोची वही आपोआप उघडते.

ही सोय मला थोडी आळशी वाटते. वेळ वाचतो खरा, पण पहिल्या हाकेला तिसावरून तळापर्यंत उतरावेच लागते, आणि आकडा फार मोठा असला की स्टॅक (अर्धवट राहिलेल्या हाका ठेवायची जागा) संपतो. शिवाय ती वही म्हणजे शेवटी ॲरेच. मग छंदशास्त्र्यांसारखे खालून वर का जाऊ नये? रांगेतल्या शेवटच्या दोघांची बेरीज रांगेलाच जोडायची. तिसाव्या पदापर्यंत 29 बेरजा, उत्तर 8,32,040.