मोठ्या माशांसाठी तलावाचे व्यवस्थापन

मत्स्यबीज सोडलेल्या तलावात गळाला वजनदार मासा लागावा म्हणून माशांची संख्या, खाद्य आणि वय यांची घडी बसवण्याची पद्धत. मत्स्यशेतीत हेक्टरी किती टन मासळी निघाली हे पाहतात. इथे एकेका माशाचे वजन पाहतात. त्यामुळे बरेच निर्णय उलटे होतात. मासे सोडण्यापेक्षा मासे काढणे हेच इथले खरे काम.

कोणताही तलाव ठरावीक वजनाचीच मासळी पोसू शकतो. ते वजन शंभर माशांत वाटले जावे की हजारांत, एवढेच माणसाच्या हाती असते. दाटी झाली म्हणून मासे लगेच मरत नाहीत, ते खुंटतात. खुंटलेला मासा हातात घेताच कळतो : डोके मोठे, डोळे टपोरे, पोट खपाटीला गेलेले. खवल्यावरची वर्तुळे भिंगाखाली मोजली तर वीतभर मासा चार-पाच वर्षांचा निघतो. असा तलाव पाहून आणखी बीज सोडण्याचा मोह होतो आणि तीच सर्वांत महाग चूक ठरते.

शिकारी मासा आणि त्याचे भक्ष्य यांच्या प्रमाणाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील अलाबामा राज्यात ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी १९३० च्या दशकापासून केला. त्यांच्या तळ्यांत लार्जमाऊथ बास हा शिकारी आणि ब्लूगिल हे भक्ष्य होते. बासचे वजन एक किलोने वाढायला ढोबळमानाने दहा किलो भक्ष्य लागते. म्हणून मोठा बास हवा असेल, तर लहान-मध्यम बास दरवर्षी काढून उरलेल्यांना भरपूर खाद्य मोकळे करतात. मोठा ब्लूगिल हवा असेल, तर याच्या अगदी उलट : बासची दाटी राहू द्यायची, म्हणजे ते ब्लूगिलची पिल्ले फस्त करतात आणि वाचलेली झपाट्याने वाढतात. एकाच लहान तळ्यात दोन्ही जंगी मिळवण्याचा हट्ट सहसा फसतो.

विरळ संख्येचे फळ इंग्लंडमधील हर्फर्डशरच्या रेडमायर पूल या छोट्या तळ्यात दिसले. १९३४ मध्ये तिथे जेमतेम ५० लहान कार्प सोडले होते. १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर यांच्या गळाला ४४ पौंडांचा (सुमारे २० किलो) कार्प लागला. ब्रिटनमधला तो त्या काळचा विक्रम होता. हा मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बरीच वर्षे जगला.

लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते, म्हणून वाढत्या माशाला आणखी काही वर्षे मिळवून देणे फार मोलाचे. टेक्सासमधील लेक फोर्क जलाशयात १६ ते २४ इंचांमधला बास पाण्यात परत सोडावाच लागतो. त्याहून लहान नेता येतो. लहान काढल्याने गर्दी हटते आणि मधले म्हातारे होईपर्यंत टिकतात. अर्थात लोकांनी लहान मासे खरोखरच नेले पाहिजेत. सगळेच सोडून दिले तर नियम कागदावर राहतो. वंशाचाही वाटा असतो : तिथे मुद्दाम फ्लोरिडा जातीचे, मोठ्या अंगाचे बास सोडले गेले. ट्राऊटमध्ये अंड्यांवर दाब किंवा उष्णतेचा झटका देऊन वांझ मासे तयार करतात. अंडी घालण्यात जाणारी ताकद ते अंगावर चढवतात.

पाणी बिघडले तर ही सगळी मेहनत एका रात्रीत जाते. उन्हाळ्यात शेवाळ दाट झाले की पहाटेच्या सुमारास विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी होतो आणि बहुधा मोठेच मासे आधी दगावतात. म्हणून अशा तलावांवर रात्री वायुवीजन यंत्रे चालू ठेवतात.

मोठा मासा सोडून दिल्यावर पुन्हा पुन्हा पकडला जाणार हे गृहीत धरून टोकाशी उलटा काटा नसलेला गळ वापरतात, माशाला ओल्या चटईवर ठेवतात, ओल्या झोळीत तोलतात, आणि शेपटीचा फटका मारून तो स्वतः निसटेपर्यंत पाण्यात सरळ धरून ठेवतात.