उताराचं पाणी, उपशाचं पाणी आणि दारातला मीटर

साताऱ्यात कुणाच्या घरी पाण्याचा मीटर बसवायची गोष्ट निघाली की घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस एक प्रश्न हमखास विचारतं: "इतकी वर्षं नाही लागला, मग आत्ताच का?" प्रश्न खोचक आहे, पण रास्तही आहे. नगरपालिकेला पैसे हवेत एवढ्यावर त्याचं उत्तर संपत नाही. ते शोधायला डोंगरावर जावं लागतं आणि मग नदीवर उतरावं लागतं, कारण शहराचं पाणीही तसंच आलं, आधी डोंगरावरून आणि नंतर नदीतून.

जुनं सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उतारावर वसलेलं आहे. शेजारी यवतेश्वरचा डोंगर. मराठेशाहीत या डोंगरातले झरे खापरी नळांनी खाली आणले गेले. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवायचे, सांधे चुन्याने लिंपायचे आणि पाणी पेठांतल्या हौदांत सोडायचं. पुढे छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळात महादरे तळं झालं आणि या व्यवस्थेत भर पडली. तेव्हा पाणी मोजायचं म्हणजे तोटीचं भोक केवढं आणि ती किती वेळ उघडी, एवढंच बघायचं. लिटरचा हिशोब कुणाला हवाच नव्हता. एकदा नळ घालून झाला की पाणी आपल्या वजनाने खाली येत राही. खर्च असे तो डागडुजीचा, आणि ती सरकारी खजिन्यातून होई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजी अमलात, कासचा तलाव बांधला गेला. आज कास म्हटलं की पुष्पपठार आणि सप्टेंबरमधली गाड्यांची रांग आठवते, पण सातारकरांसाठी कास आधी पाण्याचं आणि मग फुलांचं. सुमारे २५ किलोमीटरवरून, डोंगराच्या कडेकडेने, उघड्या पाटाने हे पाणी शहरात येई. वाटेत गुरं पीत, पालापाचोळा पडे, पावसाळ्यात कडा ढासळे. अलीकडच्या काळात पाटाऐवजी बंद जलवाहिनी आली आणि मग धरणाची उंची वाढवून साठा जवळपास पाचपट करण्यात आला. तरी मूळ गुण बदलला नाही. कासचं पाणी उताराने येतं, त्याला वर चढवायला मोटार लागत नाही. वाटेत सांबरवाडीला ते शुद्ध होतं आणि पुढेही खालीच धावतं.

घराच्या बाजूने बघितलं तर फुकट वाहत येणारं पाणी मोजायचं कशाला, हा विचार अगदी सरळ होता. पाणीपट्टीही तशीच ठरत गेली. नळजोड अर्धा इंची की पाऊण इंची यावर वर्षाची ठोक रक्कम. घरात दोन माणसं असोत की बारा, आकडा तोच. कायद्यात मीटर नव्हता असं मात्र नाही. मुंबईच्या १८८८च्या महापालिका कायद्यातच कराऐवजी पाणी मापाने देऊन आकारणी करण्याची मुभा होती आणि १९४९च्या प्रांतिक महापालिका कायद्यातही ती आली. पण ही मुभा वापरली गेली ती मुख्यतः कारखाने, हॉटेलं आणि धंद्याच्या जागांसाठी. राहत्या घराच्या उंबऱ्यावर मीटर यायला बराच वेळ लागला.

तो वेळ संपवला पंपाने. शहर वाढलं, उताराचं पाणी पुरेना, तेव्हा नदीकडे वळावं लागलं. शहापूरच्या योजनेतून उरमोडीचं पाणी उपसून साताऱ्याला आणलं गेलं, तर उपनगरांसाठी कृष्णेचं पाणी उचललं गेलं. उपसा म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारं, तेही मीटरवरचंच, बिल. त्यात दुसराही खर्च आला. नदीतलं पाणी पाटबंधारे खात्याकडून विकत घ्यावं लागतं आणि २००५च्या कायद्याने स्थापन झालेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण त्याचा घाऊक दर घनमीटरवर (हजार लिटरवर) ठरवतं. म्हणजे नगरपालिका नदीवर मापाने पाणी घेते, मापाने वीज जाळते आणि घरोघर तेच पाणी तोटीच्या इंचावर विकते. वाण्याने पोतं वजनावर घ्यावं आणि गिऱ्हाइकाला पिशवीच्या आकारावर विकावं, तसला हा व्यवहार. मधली गळती कुठे होते ते या हिशोबात कधीच दिसत नाही, आणि मला विचाराल तर काहींना ते न दिसणंच सोयीचं होतं.

घरगुती मीटर साताऱ्याच्या बाजूला रुजला तो बहुतांशी जीवन प्राधिकरणाच्या योजनांमधून. १९७६च्या कायद्याने महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ उभं राहिलं आणि १९९७मध्ये त्याचं नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झालं. शाहूपुरीसारखी उपनगरं तेव्हा ग्रामपंचायतीत होती आणि त्यांना नदीचं उपशाचं पाणी मिळे. तिथे कनेक्शन आणि मीटर जोडीनेच आले. २०२०मध्ये हद्दवाढ होऊन ही उपनगरं नगरपालिकेत आली, तेव्हा एकाच शहरात दोन सवयी शेजारी-शेजारी नांदू लागल्या. उपनगरातल्या सुनेला युनिट म्हणजे हजार लिटर हे पाठ, आणि पेठेतल्या तिच्या आत्याबाईंना त्यात काय एवढं मोजायचं ते कळेना.

आता खुद्द यंत्राबद्दल, कारण भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात. पाण्याचा मीटर हे विलायतेतलं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं अपत्य. विल्यम सीमेन्सने १८५०च्या सुमारास बनवलेला मीटर चांगलाच खपला. पाण्याच्या जोराने एक चक्र फिरवायचं आणि फेऱ्या मोजायच्या, ही त्यामागची कल्पना आपल्या दारातल्या मीटरमध्ये आजही आहे. आत प्लास्टिकचं पंखं, त्यावर अनेक छिद्रांतून येणाऱ्या धारा, आणि पंख्याची गती लोहचुंबकाने वरच्या कोरड्या खान्यातल्या दातेरी चाकांना पोहोचवलेली. काळे आकडे युनिटचे, लाल काटे त्याखालच्या लिटरचे.

भारतात घरगुती मीटरला आयएस ७७९ हे मानक लागू आहे. त्यात अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटरच्या, अचूकतेच्या ब वर्गातल्या मीटरची हद्द ठरलेली आहे. तासाला १२० लिटरच्या वर प्रवाह असेल तर चूक २ टक्क्यांच्या आत असायला हवी. त्याखाली, तासाला ३० लिटरपर्यंत, ५ टक्के चालते. त्याहून बारीक धारेची हमी मीटर देत नाही. म्हणूनच काही घरांत टाकीचा नळ रात्रभर बारीक सोडून ठेवायची युक्ती चालते. मीटर झोपलेला, टाकी भरलेली. ही युक्ती मला कुणी शिकवली ते मी सांगणार नाही.

उलट चूक मात्र ग्राहकाच्या गळ्यात पडते. आपल्याकडे पाणी दिवसातून एकदा, ठरावीक वेळेला सुटतं. बाकी वेळ नळ रिकामा, म्हणजे आत हवा. व्हॉल्व्हमनने चावी फिरवली की पाण्यापुढे ही हवा पळत सुटते आणि पंखं भन्नाट फिरवते. नळातून फुस्स आवाज, आणि मीटरवर युनिट. "हवेचं बिल" हा शब्द इथूनच आला आणि तो चुकीचा नाही. दीड-पावणेदोन शतकं जुनं हे यंत्र सदा भरलेल्या नळासाठी घडवलेलं आहे. गंमत अशी की नळातली हवा ही अडचण आपल्या जुन्या कारागिरांना नीट ठाऊक होती. पुण्याला कात्रजहून पाणी आणताना पेशवाईत वाटेत उंच उच्छ्वास बांधले, ते हवा बाहेर पडायलाच. आपण मीटर आणला आणि उच्छ्वास विसरलो.

त्यातून एक कोडं तयार झालं. पाणी चोवीस तास नाही म्हणून मीटर नीट चालत नाही, आणि मीटर नाही म्हणून चोवीस तास पाणी द्यायला कुणी धजावत नाही, कारण मोजमाप नसेल तर नळ उघडेच राहतील ही भीती. हे कोडं सातारा जिल्ह्यातच, कराडला चिकटून असलेल्या मलकापूरने सोडवलं. तिथे जीवन प्राधिकरणाच्या योजनेत कोयनेचं पाणी चोवीस तास देण्याचं ठरलं. जुने सांधे-गळके लोखंडी नळ राखण्यापेक्षा नवे प्लास्टिकचे नळ घातले आणि घराघराला रेडिओ लहरींवर वाचता येणारे मीटर बसवले. दर टप्प्याटप्प्याने चढणारे ठेवले: गरजेपुरतं स्वस्त, उधळपट्टी महाग. सुरुवातीला लोक धास्तावले होते, पण वापर वाढला नाही, उलट कमी झाला. केव्हाही पाणी येणार म्हटल्यावर बादल्या, पिंपं, कळश्या भरून ठेवायची आणि उद्याचं ताजं आलं की शिळं ओतून द्यायची सवय मोडली. मलकापूरचं देशभर कौतुक झालं. शेजारच्या शहरांनी शिष्टमंडळं नेली, फोटो काढले, जेवले आणि परत आले. नळ बदलायचा खर्च आणि त्यासाठी खोदायचे रस्ते बघितल्यावर बऱ्याच ठिकाणी मीटर तेवढा आला आणि चोवीस तास मागे राहिलं. माझ्या मते आजचा बराचसा राग मीटरवरचा नाही, या अर्ध्या कामावरचा आहे.

सांगलीची गोष्ट थोडी वेगळी. तिथे डोंगर नाही, कास नाही, कृष्णेतून उपसा हाच मार्ग, त्यामुळे "उताराचं फुकट पाणी" ही आठवणच नाही. मोजून पाणी देण्याचा एक प्रसंग मात्र त्या जिल्ह्याच्या नावावर कायमचा राहिला. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या फेरीत १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर, नंतर ५० वाघिणींची गाडी. त्या दिवसांत लिटरचा आकडा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होता.

बिलाकडे रागाने बघण्याआधी एक साधा हिशोब करून बघा. शहरी पाणीपुरवठ्याचा केंद्राचा निकष, जिथे भुयारी गटार आहे तिथे, माणशी रोज १३५ लिटर धरतो. पाच माणसांच्या घरात दिवसाला ६७५ लिटर, महिन्याला वीस युनिट. तुमच्या बिलावर चाळीस असतील तर घरात गळती, नळात हवा किंवा मीटरमध्ये दोष, यापैकी काहीतरी आहे. गळतीची परीक्षा फुकट आहे. पाणी चालू असताना घरातले सगळे नळ आणि टाकीची चावी बंद करा आणि लाल काटा बघा. हलला तर पाणी जमिनीत मुरतंय.

आणि शेवटचा वाद, मीटर बसवायचा कुठे. मुख्य वाहिनीवरच्या फेरूलपासून, म्हणजे घरचा नळ जिथे जोडला जातो त्या तोटीपासून, घरापर्यंतचा नळ साधारणपणे मालकाच्या खर्चाचा आणि मालकाच्या जबाबदारीचा. फाटकाच्या आत मीटर बसवला तर चोरी आणि तोडफोड टळते, पण वाचायला आलेल्याला कुलूप दिसतं आणि बिल सरासरीने येतं. बाहेर भिंतीत बसवला तर वाचन सोपं, पण पोरांचा क्रिकेटचा स्टंप तिथेच ठोकला जातो. जाणते प्लंबर फाटकालगत, आतल्या बाजूला, जमिनीच्या थोडं वर, आडवा बसवतात, आधी जाळी आणि मागेपुढे सरळ नळाचा तुकडा ठेवतात आणि एल्बोला, म्हणजे नळाच्या काटकोनी वळणाला, चिकटवून लावत नाहीत. बसवून सील झालं की पहिल्या आकड्याचा तारखेसकट फोटो काढून ठेवा.