संसदीय चर्चांतील मराठवाड्याच्या महिला लोकप्रतिनिधी

मराठवाड्यातून लोकसभा, राज्यसभा, विधानसभा आणि विधान परिषदेवर गेलेल्या महिला सदस्यांचे प्रश्न, लक्षवेधी सूचना (तातडीच्या सार्वजनिक विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना) आणि विधेयकांवरील चर्चांतील काम हा या नोंदीचा विषय आहे. मतदारसंघात लक्षात राहते ते भाषण. विषय मार्गी लागतो तो मात्र वेळेत दिलेल्या सूचनेमुळे, नेमक्या उपप्रश्नामुळे आणि मंत्र्याच्या आश्वासनाचा पाठपुरावा केल्यामुळे. म्हणून इथे व्यक्तींइतकाच भर कार्यपद्धतीवर दिला आहे.

सदस्या

1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि 1952 च्या हैदराबाद विधानसभेत आशाताई वाघमारे सदस्य होत्या. लोकसभेत बीडचे नाव आधी घ्यावे लागते. केशरकाकू क्षीरसागर 1980, 1984 आणि 1991 मध्ये, रजनी पाटील 1996 मध्ये, तर प्रीतम मुंडे ऑक्टोबर 2014 च्या पोटनिवडणुकीत (मताधिक्य 6 लाख 96 हजारांवर) आणि पुन्हा 2019 मध्ये तिथून निवडून आल्या. सूर्यकांता पाटील 1991 मध्ये नांदेडमधून, 1998 आणि 2004 मध्ये हिंगोलीतून लोकसभेत गेल्या. 2004 ची निवडणूक या बाबतीत वेगळीच ठरली. हिंगोलीतून सूर्यकांता पाटील, लातुरातून शिवराज पाटील यांचा पराभव करून रूपाताई पाटील निलंगेकर आणि उस्मानाबादमधून कल्पना नरहिरे, अशा आठपैकी तीन जागांवर महिला निवडून आल्या. 2024 मध्ये आठांपैकी एकही जागा महिलेकडे गेली नाही.

राज्यसभेत रजनी पाटील 2013 आणि 2021 मध्ये, तर परभणीच्या फौजिया खान 2020 मध्ये गेल्या. फौजिया खान त्याआधी विधान परिषदेत होत्या आणि राज्यमंत्रीही होत्या. विधानसभेत केजच्या विमल मुंदडा आणि परळीच्या पंकजा मुंडे या सदस्य तर होत्याच, शिवाय मंत्री म्हणून उत्तर देण्याच्या बाजूलाही बसल्या. 2024 मध्ये केजमधून नमिता मुंदडा, जिंतूरमधून मेघना बोर्डीकर, भोकरमधून श्रीजया चव्हाण, फुलंब्रीतून अनुराधा चव्हाण आणि कन्नडमधून संजना जाधव निवडून आल्या.

प्रश्न कसा लागतो, कुठे अडतो

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. दिवसाच्या यादीत 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न असतात. राज्यसभेत हेच आकडे 15 आणि 160. क्रम बॅलटने (चिठ्ठ्या टाकून) ठरतो आणि एका सदस्याचा त्या दिवशी एकच तारांकित प्रश्न लागतो. प्रश्नोत्तराच्या तासाभरात तोंडी उत्तराची पाळी येते ती जेमतेम चार-सहा प्रश्नांवर. उरलेल्यांची उत्तरे लेखी पटलावर ठेवली जातात, म्हणजे उपप्रश्नाची संधी गेलीच. सातव्या-आठव्या क्रमांकावर लागलेल्या प्रश्नाचे शहाणपण एवढेच, की तो मुळात असा लिहावा की लेखी उत्तरातूनही हवे ते हाती लागेल.

मराठवाड्याचे प्रश्न सर्वांत जास्त बाद होतात ते विषय राज्याचा म्हणून. जायकवाडीच्या कालव्याचे आवर्तन, एसटीची फेरी, तहसील कार्यालयातली रिक्त पदे यांवर केंद्रीय मंत्री उत्तर देण्यास बांधील नसतो. तोच विषय जलजीवन मिशनचा निधी, प्रधानमंत्री पीक विमा योजनेतील भरपाई किंवा राष्ट्रीय महामार्गाचे भूसंपादन अशा केंद्राच्या धाग्याने बांधला तर स्वीकारला जातो. दुसरी चूक वाराची. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो; रेल्वेचा प्रश्न भलत्याच वारासाठी दिला की तो वाया जातो. तिसरी चूक भाषेची. प्रश्नात युक्तिवाद, आरोप किंवा मतप्रदर्शन चालत नाही, विषय एकच असावा लागतो आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा असते.

नगर-बीड-परळी रेल्वेमार्ग हे यासाठी चांगले उदाहरण आहे. 261 किलोमीटरचा हा मार्ग 1990 च्या दशकात मंजूर झाला आणि नंतर खर्चाचा निम्मा वाटा राज्याने उचलला. नगर ते आष्टी हा 66 किलोमीटरचा टप्पा सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झाला. बीडला गाडी पोहोचली 17 सप्टेंबर 2025 रोजी. अशा कामाबद्दल ‘बीडवर अन्याय का?’ असे विचारले तर प्रश्न बाद होतो, किंवा ‘काम प्रगतिपथावर आहे’ हे ठरलेले उत्तर येते. तोच प्रश्न भागांत पाडून विचारावा: (अ) मार्गापैकी किती किलोमीटरचे रूळ टाकून झाले, टप्पानिहाय, (आ) किती हेक्टर जमीन संपादित व्हायची आहे, (इ) केंद्र व राज्य यांचा देय हिस्सा किती आणि प्रत्यक्ष जमा किती, (ई) प्रत्येक टप्प्याची मुदत काय. ‘इ’ला आकडा द्यावाच लागतो आणि पैसे कुणाकडे अडले ते कागदावर येते. उत्तर अपुरे वाटले तर तीन दिवसांच्या सूचनेने अर्धा तास चर्चा मागता येते. ही सोय फारच कमी वापरली जाते.

नियम 377 खाली लोकसभेत 250 शब्दांपर्यंतचा मजकूर मांडता येतो, सदस्याला आठवड्यातून एकदाच. मंत्री जागेवर उत्तर देत नाही. ते नंतर लेखी येते. शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत) मांडलेल्या विषयाला उत्तराचे तेवढेही बंधन नसते, त्यामुळे बातमी होते आणि विषय तिथेच राहतो.

ऊसतोड महिलांचा विषय

मराठवाड्यातील महिलांच्या प्रश्नावर सभागृहाचे आयुध कसे चालते, हे सर्वांत स्पष्ट दिसले ते जून 2019 मध्ये विधान परिषदेत. प्रश्न मांडला तो मराठवाड्याबाहेरच्या सदस्याने, डॉ. नीलम गोऱ्हे यांनी. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 महिलांची गर्भाशये काढण्यात आल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात सांगितले आणि गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हंगामाआधी व नंतर आरोग्य तपासणी, आरोग्य कार्ड, खासगी रुग्णालयांना शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी, असे उपाय या काळात चर्चेत आले किंवा लागू झाले.

कोयत्याचा खाडा (कामावर न गेल्यास जोडप्याला होणारा दंड), मुकादमाची उचल (हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम), पाळीच्या दिवसांतही न चुकणारे मोळी वाहणे हे वर्षानुवर्षे बोलले जात होते. सभागृहात वजन आले ते मंत्र्याच्या तोंडून आलेल्या संख्येला, कारण सभागृहात दिलेली माहिती चुकीची ठरली तर प्रकरण हक्कभंगापर्यंत, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग केल्याच्या कारवाईपर्यंत जाते. आकडा आधी सरकारकडून काढून घेणे आणि मग भाषण करणे, हा क्रम उलटा झाला की चर्चा भावनेवर थांबते.

विधानसभेत यासाठी नियम 105 ची लक्षवेधी आणि नियम 293 चा चर्चेचा प्रस्ताव, तर परिषदेत नियम 260 चा चर्चेचा प्रस्ताव वापरतात. लक्षवेधी स्वीकृत झाली तरी ती त्या दिवशी पुकारली जाईल याची खात्री नसते. सदस्य जागेवर नसणे, मंत्री दुसऱ्या सभागृहात असणे, उत्तराच्या प्रती वेळेत न मिळणे यांपैकी काहीही झाले की ती राखून ठेवली जाते, आणि अधिवेशन संपले की नव्याने द्यावी लागते.

वेळ आणि भाषा

विधेयकावरील चर्चेचा वेळ पक्षांना संख्याबळाप्रमाणे मिळतो आणि वक्त्यांची यादी पक्षाचा प्रतोद देतो. महिला सदस्यांची नावे महिला व बालविकासाच्या चर्चेत हटकून घातली जातात. सिंचन, रेल्वे, सहकार यांवर ती मागून घ्यावी लागतात. दुष्काळी भागाच्या प्रतिनिधीसाठी हे नुकसानीचे आहे, कारण पिण्याच्या पाण्याचा खरा निधी त्याच खात्यांत असतो.

संसदेचे कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद 120 नुसार हिंदी किंवा इंग्रजीत चालते, पण पीठासीन अधिकाऱ्याच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येते. मराठीत बोलायचे असेल तर दुभाष्यासाठी आधी कळवावे. ऐनवेळी सुरुवात केली तर ऐकणाऱ्यांच्या कानात काहीच पोहोचत नाही. सभागृहात मोबाइलवर चित्रीकरण करण्यास मनाई आहे. याच कारणावरून फेब्रुवारी 2023 मध्ये रजनी पाटील यांचे राज्यसभेतून निलंबन झाले होते. ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मागे घेण्यात आले.

आश्वासन आणि नोंदी

‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ अशी वाक्ये आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि लोकसभेत ती तीन महिन्यांत पूर्ण करायची असतात. मुदत उलटली की मंत्रालय वाढ मागते. इथे संबंधित सदस्याने आश्वासन समितीला पत्र लिहिले तरच प्रकरण हलते.

एखाद्या सदस्येचे काम मोजताना दोन गोष्टींनी हमखास फसगत होते. मंत्री प्रश्न विचारत नाहीत. त्यामुळे 2004 नंतर ग्रामीण विकास आणि संसदीय कार्य राज्यमंत्री असलेल्या सूर्यकांता पाटील यांच्या नावापुढे प्रश्नांचा रकाना कोरा दिसला, तर तो निष्क्रियतेचा पुरावा नाही. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा 2005 मध्ये आणणारे खाते हेच, आणि अशा मंत्र्याचे बोलणे उत्तरांच्या बाजूला शोधावे लागते. दुसरे म्हणजे, लोकसभेच्या कार्यवृत्तातली काही भाषणे न वाचता नुसती पटलावर ठेवलेली असतात. छापील मजकुरात तारांकन आणि तळटीप पाहिल्याशिवाय ती सभागृहात केलेली भाषणे म्हणून उद्धृत करू नयेत.