‘द माल्टीज फाल्कन’: तिसऱ्या खेपेला जमलेलं रूपांतर

१९४१चा ‘द माल्टीज फाल्कन’ पुस्तकाबरहुकूम चित्रपटाचा नमुना मानतात; माझ्याही तो खास आवडीचा. ससाण्याच्या एका मौल्यवान काळ्या पुतळ्यामागे लागलेली माणसं आणि त्यात ओढला गेलेला एक खासगी गुप्तहेर, अशी ही कथा. डॅशिएल हॅमेटची ही कादंबरी आधी रहस्यकथांच्या मासिकात क्रमशः आली, १९३०मध्ये पुस्तक निघालं. १९३१चा पहिला चित्रपट बराच धीट होता. १९३४पासून चित्रपटांत काय दाखवावं याची हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली आणि तो पुन्हा प्रदर्शित करायला परवानगी मिळेना. १९३६मध्ये त्याच स्टुडिओने कथेचा विनोदी अवतार काढला. त्यात काळ्या पक्ष्याच्या जागी चक्क रत्नांनी भरलेलं शिंग! समीक्षकांनी तो झोडपला.

तिसऱ्या वेळी काम गेलं जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शनात अगदी नवख्या पटकथाकाराकडे. सेक्रेटरीने पुस्तकातले प्रसंग आणि संवाद नुसते टाइप केले आणि तीच पटकथा मंजूर झाली, अशी आख्यायिका आहे. त्यात मीठमसाला असेल, पण संवाद ताडून पाहिले तर पानंच्या पानं जुळतात. मुळात कादंबरीच तशी आहे. मध्यरात्री भागीदाराच्या खुनाचा फोन येतो, गुप्तहेर सिगारेट वळत बसतो. तंबाखू, कागद, बोटं सगळं बारकाईने दिसतं. त्याला काय वाटलं, ते लेखक सांगत नाही.

वाद आहे तो चित्रपटाने गाळलेल्या फ्लिटक्राफ्टच्या गोष्टीवरून. सातव्या प्रकरणात गुप्तहेर नायिकेला एक जुनी केस सांगतो. अमेरिकेतल्या टाकोमा शहरातला फ्लिटक्राफ्ट नावाचा एक सुखवस्तू माणूस जेवायला बाहेर पडतो, बांधकामावरून तुळई शेजारीच कोसळते, फरशीची कपची गालाला लागते. तो तिथूनच घरदार सोडून जातो आणि काही वर्षांनी स्पोकेन या दुसऱ्या शहरात सापडतो, तसाच संसार पुन्हा थाटलेला! तुळया पडतात म्हणून तो बदलला. पुढे पडेनात, तेव्हा पुन्हा पूर्वीसारखा झाला. गुप्तहेर कोणत्या हिशोबाने जगतो ते कळण्याची पुस्तकातली ही एकमेव फट, आणि चित्रपटाने तीच बुजवली. बचाव असा की या गोष्टीने कथानक तसूभर पुढे सरकत नाही. खरंय. पण त्यामुळे शेवटी नायिकेला पोलिसांच्या हवाली करणारा माणूस पडद्यावर जास्त नीतिमान वाटतो, पुस्तकात थंड डोक्याचा. पुतळ्याला ‘स्वप्नं ज्याची बनतात ते’ म्हणणारा शेवटचा गाजलेला संवादही पुस्तकात नाहीच.

१९८६मध्ये चित्रपट रंगीत करून टीव्हीवर आला, तेव्हा दिग्दर्शकाने जाहीर निषेध केला. २०१३मध्ये चित्रीकरणात वापरलेला ससाण्याचा एक पुतळा लिलावात चाळीस लाख डॉलरच्या वर गेला. १ जानेवारी २०२६ला अमेरिकेत कादंबरीचा कॉपीराइटही संपला. आता कुणीही नवं रूपांतर करावं; फक्त फ्लिटक्राफ्टला पाच मिनिटं द्यावीत.