निकोलाय कापुस्तिन : लिहिलेल्या जॅझमागचा इतिहास

जॅझ आणि पाश्चात्य अभिजात संगीत एका मंचावर आणण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये १२ फेब्रुवारी १९२४ रोजी झाला. एओलियन हॉलमधील त्या मैफलीत अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांनी आपली ‘ऱ्हाप्सडी इन ब्लू’ ही रचना स्वतः पियानोवर सादर केली. पुढे १९५७ मध्ये अमेरिकी संगीतकार गुंथर शुलर यांनी या संकराला ‘थर्ड स्ट्रीम’ असे नाव दिले. हे सारे अमेरिकेत, म्हणजे जॅझच्या जन्मभूमीत घडत होते. संगीतकार आणि पियानोवादक निकोलाय कापुस्तिन यांनी मात्र हेच काम सोव्हिएत संघात केले, आणि म्हणूनच त्यांची कामगिरी मला अधिक मोलाची वाटते.

कापुस्तिन यांचा जन्म १९३७ मध्ये युक्रेनमधील होर्लिव्का येथे झाला. त्यांच्या बालपणी जॅझवर सरकारची वक्रदृष्टी होती. १९५३ मध्ये स्टालिन यांच्या मृत्यूनंतर बंधने सैल होऊ लागली आणि ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारी नभोवाणीच्या प्रसारणांमधून हे संगीत मॉस्कोतल्या तरुणांच्या कानांवर पडू लागले. कापुस्तिन तेव्हा मॉस्कोतच शिकत होते. मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयात त्यांना अलेक्सांद्र गोल्डनवायझर यांच्यासारखे जुन्या परंपरेतले गुरू लाभले, परंतु ओढ जॅझची होती. १९६१ मध्ये शिक्षण पूर्ण होताच ते ओलेग लुंडस्ट्रेम यांच्या जॅझ वाद्यवृंदात पियानोवादक म्हणून दाखल झाले आणि १९७२ पर्यंत तेथेच राहिले.

एवढी वर्षे बिग बँडमध्ये, म्हणजे अशा मोठ्या जॅझ वाद्यवृंदात, काढूनही ते स्वतःला जॅझवादक म्हणवून घेत नसत. आयत्या वेळी सुचेल तसे वाजवणे हा जॅझचा प्राण मानला जातो, पण कापुस्तिन यांना त्यात रस नव्हता. सुचलेले घासूनपुसून अधिक चांगले करता येते, अशी त्यांची धारणा होती, त्यामुळे त्यांच्या रचनांत प्रत्येक स्वर लिहिलेला असतो. १९७७ मधील ‘सूट इन द ओल्ड स्टाइल’ घ्या. आलमांद, गावोत, साराबांद, बुरे, जीग हा तिचा आराखडा थेट अठराव्या शतकातील जर्मन संगीतकार बाखच्या काळातील नृत्यमालिकांचा आहे. मात्र त्या साच्यातली स्वरसंगती आणि अपेक्षित ठिकाणचा आघात टाळणारी लय पूर्णपणे जॅझची आहे. पुढे आठ कॉन्सर्ट एट्यूड, म्हणजे वादनतंत्राचा कस पाहणाऱ्या मैफलीच्या रचना (१९८४), आणि सर्व स्वरपट्ट्यांमधील चोवीस प्रेल्यूड व फ्यूग, म्हणजे छोटी प्रस्तावना आणि एकच धून अनेक आवाजांत गुंफणारी रचना अशा जोड्या (१९९७), यांतही त्यांनी हाच मार्ग चोखाळला. वीस पियानो सोनाटा (एकल पियानोसाठीच्या बहुभागी रचना) आणि सहा पियानो कॉन्चेर्टो (पियानो व वाद्यवृंदासाठीच्या रचना) एवढा त्यांचा संसार मोठा आहे.

मायदेशाबाहेर त्यांची ओळख फार उशिरा पसरली. पियानोवादक स्टीव्हन ऑस्बोर्न यांचे २००० मधील आणि मार्क-आंद्रे हॅमलिन यांचे २००४ मधील ध्वनिमुद्रण त्याला कारणीभूत ठरले. २ जुलै २०२० रोजी मॉस्कोत कापुस्तिन यांचे निधन झाले, तोवर त्यांचे एट्यूड जगभरातील तरुण पियानोवादकांच्या हाती पोहोचले होते. या वादकांची खरी कसोटी वेगात नसते, कारण वेग सरावाने साधतो. कागदावर काटेकोर लिहिलेली लय त्याच क्षणी सुचल्यासारखी ऐकू यावी लागते, आणि तेथे अभिजात तालमीत मुरलेले हातही अनेकदा अडखळतात.